नव्वदीचा डॉलर आणि सातास सहाचा हाली

गेल्या डिसेंबरात डॉलर नव्वदीपार गेला आणि व्हॉट्सॲपवर तो जुना निरोप पुन्हा फिरू लागला : स्वातंत्र्याच्या दिवशी एक रुपयाला एक डॉलर मिळत होता, आता बघा कुठे येऊन पोचलो. निरोप साफ खोटा आहे. १९४७ साली रुपया पौंडाला बांधलेला होता. एका पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै, आणि पौंड चार डॉलरच्या किंचित वर. भागाकार केला की डॉलर पडतो ३ रुपये ३१ पैशांना.

आमच्या करमाड गावात तर हा निरोप दुहेरी खोटा. १५ ऑगस्ट १९४७ ला करमाड हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होतं आणि इथला सरकारी रुपया भारताचा नव्हताच. तो हाली सिक्का. मुंबईच्या रुपयाला इकडे कलदार म्हणत. सहा कलदार द्या, सात हाली घ्या, हा सरकारी दर. त्या हिशेबाने डॉलर करमाडकरांना ३ रुपये ८६ पैशांना पडला असता. आज शेंद्र्याच्या कारखान्यांना डॉलर-युरोचा भाव रोज बघावा लागतो. त्यांच्या शेजारच्या या गावाच्या आज्या-पणज्यांना मात्र परकं चलन बघायला समुद्र ओलांडायची गरज नव्हती. मनमाडहून गाडीत बसलं की वाटेतच राज्य बदलायचं, आणि खिशातल्या पैशाची किंमतही.

कागदोपत्री हा दर मोठा चमत्कारिक दिसतो : शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. हा आकडा काय एखाद्या दिवाणाच्या डोक्यातून निघाला? मला तसं वाटत नाही. दोन्ही नाणी तराजूत घालून बघा. कलदार ११.६६ ग्रॅमचा, त्यात चांदी ९१.७ टक्के. चारमिनार छाप हाली ११.१८ ग्रॅमचा, चांदी ८१.८ टक्के. म्हणजे शुद्ध चांदी एकात १०.६९ ग्रॅम, दुसऱ्यात ९.१४. शंभर कलदारांच्या चांदीला हाली लागतात जवळजवळ ११७. सरकारी दर आणि सोनाराचा काटा यांच्यात शेकड्यामागे पाच आण्यांचाही फरक नाही. निजामाच्या श्रीमंतीच्या गोष्टी सांगताना आपण हिरे-मोती मोजत बसतो, हा हिशेब कुणी सांगत नाही.

अर्थात चांदीने सगळं उलगडत नाही. १८९३ साली इंग्रज सरकारने आपल्या टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. तोवर कुणीही चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शकत होता. त्यानंतर चांदी उतरली तरी कलदार तिच्यामागे उतरला नाही, तो पौंडाच्या आधाराने १६ पेन्सांवर टिकवला गेला. हालीला असा टेकू नव्हता आणि त्याचा भाव डोलू लागला. निजाम मीर महबूब अलींच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, चारमिनारचं नवं नाणं आलं, दरबारने भाव सांभाळायला सुरुवात केली आणि दर पुढे सातास सहावर बसला. नेपाळ आजही तेच करतो : शंभर भारतीय रुपयांना १६० नेपाळी, १९९३ पासून. नेपाळी रुपया हलका म्हणून तिथे कुणी छाती बडवत नाही. आपल्याकडे मात्र रुपयाचा आकडा वाढला की देशाचं नाक कापल्यासारखी चर्चा होते. उलट, हाली हलका होता म्हणून निजामाचा तोरा तसूभर कमी झाला नाही. नाण्यावर इंग्लंडच्या राजाचं तोंड नव्हतं, चारमिनार होता, आणि दरबाराला त्याचंच अप्रूप.

भार पडायचा तो बदलून घेणाऱ्यावर. सरकारी दर एक, सराफाचा दुसरा, मधला बट्टा गिऱ्हाइकाचा. मुंबईच्या बाजारात माल घालणाऱ्याच्या हातात कलदार येत, सारा मात्र हालीत भरायचा. हाली जितका स्वस्त, तितका त्याचा सारा हलका. कापडापासून रॉकेलपर्यंत बाहेरचा माल विकत घेणाऱ्याचं गणित नेमकं उलटं. आज नव्वदीच्या डॉलरवर निर्यातदार खूश आणि आयातदार नाखूश असतो, त्यात नवं काहीच नाही.

१९१८ पासून हालीच्या नोटाही निघाल्या. त्यांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कानडीतही रक्कम छापलेली असे. राजकारण तापलं तेव्हा हेच चलन हत्यार झालं. भारताशी नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार झाला आणि त्यानंतर लगेच हैदराबाद सरकारने भारतीय चलनाच्या व्यवहाराला बंदी घातली. पाकिस्तानला वीस कोटींचं कर्ज दिलं, तेही भारत सरकारच्या रोख्यांत. दिल्लीच्या तक्रारींत रझाकारांबरोबर या दोन गोष्टीही होत्या. मुक्तिसंग्रामावरच्या भाषणांत त्या क्वचितच येतात. चलनावर टाळ्या पडत नाहीत, दुसरं काय.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं राज्य भारतात आलं, त्यानंतरही हाली लगेच गेला नाही. नव्या नोटा-नाणी काढणं १९५१ च्या सुमारास थांबलं, जुनं चलन सातास सहाने बदलून घेतलं जात राहिलं आणि ते पुरतं रद्द व्हायला १९५९ साल उजाडलं. म्हणून त्या काळातल्या खरेदीखतात नुसती 'रुपये पाचशे' अशी रक्कम दिसली, तर ते हाली की कलदार हे आधी बघावं. हाली असतील तर ते ४२८ रुपये ९ आणे होतात.

घरात चारमिनारचा रुपया असेल तर मोडीला नेण्याआधी त्याचं सालही वाचा. दुसऱ्या महायुद्धात कलदार आणि हाली दोघांचीही चांदी निम्म्यावर आली. ९.१४ ग्रॅमचा हिशेब त्याआधीच्या नाण्यालाच लागू.