बालत्वचारोगतज्ज्ञांचे प्रशिक्षण

बालत्वचारोगशास्त्र ही त्वचारोगशास्त्राची उपशाखा असून नवजात अर्भकांपासून किशोरवयापर्यंतच्या मुलांच्या त्वचेच्या, केसांच्या व नखांच्या विकारांचा तीत अभ्यास केला जातो. नावात 'बाल' हा शब्द आधी येत असला, तरी भारत व अमेरिका या दोन्ही देशांत या शाखेचे प्रवेशद्वार त्वचारोगशास्त्राच्या बाजूला आहे. त्यामुळे बालरोगतज्ज्ञ झालेल्या डॉक्टरला या विषयात तज्ज्ञपद मिळवायचे असल्यास त्वचारोगशास्त्राचे संपूर्ण प्रशिक्षण नव्याने घ्यावे लागते.

पार्श्वभूमी

वजनाच्या तुलनेत अर्भकाच्या त्वचेचे क्षेत्रफळ प्रौढापेक्षा बरेच अधिक असते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात तर त्वचेचा बाहेरचा थर पुरता तयारही झालेला नसतो. म्हणून वरून लावलेले औषध रक्तात शोषले जाऊन अपाय होण्याचा धोका मोठा असतो. १९७२ साली फ्रान्समध्ये 'टाल्क मोरांज' या बाळांच्या पावडरीत हेक्साक्लोरोफीन हे जंतुनाशक चुकून फार मोठ्या प्रमाणात मिसळले गेले. त्यात ३६ बालके दगावली.

याच्या उलट बाजूचे उदाहरण फ्रान्समधील बोर्दो शहरातले आहे. हृदयाच्या तक्रारीसाठी प्रोप्रानोलॉल दिलेल्या एका बाळाच्या अंगावरील रक्तवाहिन्यांची गाठ निवळू लागल्याचे क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ व त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले. २००८ साली हे निरीक्षण प्रसिद्ध झाले आणि अशा गाठींच्या उपचाराची दिशाच बदलली. मात्र हे औषध देताना बाळाची नाडी, रक्तदाब, रक्तशर्करा व अंगावर पिणे यांकडे लक्ष ठेवावे लागते. गाठ ओळखणे हे त्वचारोगतज्ज्ञाचे काम, तर बाळ सांभाळणे हे बालरोगतज्ज्ञाचे. ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीला यावीत, ही या शाखेमागची मूळ अपेक्षा होय.

शाखेच्या आरंभीच्या धुरिणांपैकी काही जण मुळात बालरोगतज्ज्ञच होते. सिडनी हर्विट्झ यांनी अनेक वर्षे बालरोगतज्ज्ञ म्हणून व्यवसाय केल्यानंतर त्वचारोगशास्त्राचे शिक्षण घेतले. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९८१ साली प्रसिद्ध झाला. नॅन्सी एस्टर्ली यांनीही आधी बालरोगशास्त्राचे व नंतर त्वचारोगशास्त्राचे प्रशिक्षण घेतले होते. 'पीडियाट्रिक डर्मॅटॉलॉजी' हे नियतकालिक १९८३ साली सुरू करण्यात त्यांचा वाटा होता.

अमेरिकेतील मार्ग

अमेरिकेत या उपशाखेचे प्रमाणपत्र 'अमेरिकन बोर्ड ऑफ डर्मॅटॉलॉजी' ही संस्था देते. पहिली परीक्षा २००४ साली झाली. परीक्षेस बसण्यापूर्वी उमेदवाराने त्वचारोगशास्त्राचे प्रमाणपत्र मिळवलेले असावे लागते. केवळ बालरोगशास्त्राचे प्रमाणपत्र पुरेसे ठरत नाही.

बालरोगतज्ज्ञासाठी हिशेब असा होतो : वैद्यकीय पदवीनंतर बालरोगशास्त्राची ३ वर्षे, त्वचारोगशास्त्राची ३ वर्षे आणि बालत्वचारोगशास्त्राच्या फेलोशिपचे १ वर्ष, म्हणजे एकूण ७ वर्षे. थेट त्वचारोगशास्त्राकडे वळणाऱ्यास सर्वसाधारण वैद्यकाच्या एका वर्षासह ५ वर्षांत तेच स्थान गाठता येते. दोन्ही विषयांचे एकत्रित असे ५ वर्षांचे निवासी प्रशिक्षणही मान्य आहे. तो मार्ग तुलनेने जवळचा आहे, परंतु वैद्यकीय शिक्षण संपतानाच तो निवडावा लागतो. मुलांवर उपचार करता करता ज्याला त्वचेची गोडी लागली, त्याच्या तो उपयोगी पडत नाही.

वर्षांखेरीज पैशाचीही एक अडचण आहे, आणि तिची चर्चा क्वचितच होते. निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी रुग्णालयांना 'मेडिकेअर' या शासकीय योजनेतून निधी मिळतो. डॉक्टरने प्रथम निवडलेल्या शाखेचा कालावधी संपल्यावर या निधीच्या थेट भागासाठी तो अर्धाच मोजला जातो. दुसऱ्यांदा निवासी प्रशिक्षण घेणारा उमेदवार त्यामुळे रुग्णालयाला महाग पडतो. त्वचारोगशास्त्राच्या जागांसाठी आधीच मोठी चुरस असते, हे ध्यानात घेतल्यास या वाटेने थोडेच जण का जातात याचा उलगडा होतो.

भारतातील स्थिती

भारतात एमबीबीएसची साडेचार वर्षे व आंतरवासितेचे एक वर्ष झाल्यावर नीट-पीजी परीक्षेतून पदव्युत्तर प्रवेश मिळतो. बालरोगशास्त्रातील एमडी ३ वर्षांची असते. त्वचारोग, गुप्तरोग व कुष्ठरोग या एकत्रित विषयातील एमडीही ३ वर्षांचीच असते आणि गुणवत्ता यादीत वरचे क्रमांक मिळवणाऱ्यांचा तिच्याकडे मोठा ओढा असतो. बालरोगतज्ज्ञाने त्वचारोगशास्त्राकडे वळायचे ठरवल्यास पुन्हा तीच प्रवेशपरीक्षा व पुन्हा ३ वर्षे, असा क्रम ठरलेला आहे. त्यापुढील बालत्वचारोग फेलोशिपसाठीही सामान्यतः त्वचारोगशास्त्राची पदव्युत्तर पात्रता मागितली जाते. 'इंडियन सोसायटी फॉर पीडियाट्रिक डर्मॅटॉलॉजी' ही या विषयाची संघटना असून ती स्वतःचे नियतकालिक प्रसिद्ध करते.

तज्ज्ञपदाविना अभ्यास

बालरोगतज्ज्ञ राहूनही या विषयाची जाण वाढवता येते. त्वचारोग विभागातील अल्पकालीन प्रशिक्षण, कार्यशाळा व परिषदा यांचा त्यासाठी उपयोग होतो. त्यातून तज्ज्ञपद लाभत नाही, तथापि घामोळे, खरूज, नायटा, इसब यांसारख्या तक्रारी घेऊन पालक प्रथम बालरोगतज्ज्ञाकडेच येत असल्याने या प्रशिक्षणाचे मोल कमी लेखता येत नाही. नायट्यावर स्टेरॉइडयुक्त मलम चोळल्यास खाज थांबते, पण बुरशी पसरत राहते आणि पुढे निदान करणेही अवघड होते. अशा मलमांच्या बेसुमार वापराला आळा घालण्यासाठी भारत सरकारने २०१८ साली अनेक स्टेरॉइड मलमांचा समावेश डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकण्याच्या औषधांच्या 'एच' परिशिष्टात केला. चिठ्ठी लिहिणाऱ्याला नायटा व इसब यांतील फरक ओळखता येणे मात्र त्याच्या प्रशिक्षणावरच अवलंबून असते.