निवृत्तीची पुंजी आणि चाकांवरचे घर : नवे घ्यावे की वापरलेले?

नोकरदाराला निवृत्त होताना फंड मिळतो, ग्रॅच्युइटी मिळते. दुकानदाराला आणि कारागिराला मिळते ती फक्त गल्ल्यातून वर्षानुवर्षे बाजूला काढलेली रक्कम. ती एकदा हातची गेली की साठीनंतर पुन्हा जमवणे कठीण असते. म्हणून त्या रकमेला हात लावण्यापूर्वी तागा उलगडून पाहावा तसा प्रत्येक विचार उलगडून पाहिला पाहिजे. सध्या आमच्या घरात असाच एक विचार चालू आहे. मावळ-लोणावळा भागातील आणखी काही व्यापारी मंडळींनीही तोच प्रश्न आमच्या गादीवर बसून काढला. म्हणून तो येथे मांडत आहोत.

प्रश्न आहे मोटरहोमचा. ज्या गाडीत झोपायची गादी, लहानसे स्वयंपाकघर, पाण्याची टाकी आणि शौचालय असते ती ही गाडी. सिनेमावाल्यांची व्हॅनिटी व्हॅन ही तिचीच बहीण. सरकारी कागदात तिला मोटर कॅराव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून आपल्या भागातही तिची चर्चा वाढली.

व्यापाऱ्याला ही गाडी का हवी, असे कोणी विचारील. उत्तर साधे आहे. आम्ही तीस वर्षे मालेगावचे, इचलकरंजीचे, सोलापूरचे कापड विकले; गिऱ्हाइकाला बनारसी, चंदेरी, माहेश्वरी या नावांची फोड करून सांगितली. पण दुकान बंद ठेवून ही गावे निवांत पाहायला कधी मिळाली नाहीत. आता मुले दुकान सांभाळतात. शिवाय आपल्या लोकांच्या प्रवासात दोन अडचणी नेहमीच्या असतात, एक हलाल जेवणाची आणि दुसरी वजू-नमाजच्या जागेची. विशेषतः महिलांची फार कुचंबणा होते. स्वयंपाकघर आणि पाणी बरोबर असेल तर दोन्ही अडचणी सुटतात. पाण्याचा हिशेब केला तर एका वजूला एक लिटर धरले, तरी नवराबायकोला पाच वेळचे मिळून दहा लिटर पुरते. तेव्हा ही हौस अगदीच बिनकामाची नाही. पण हौसेला हिशेब लागतो.

आधी कोणता पैसा, मग कोणती गाडी

नवी की जुनी हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की, जो पैसा आपण मोजणार तो खरोखर मोकळा आहे काय? ज्याच्यावर हज फर्ज झाला आहे आणि अजून अदा झालेला नाही, त्याने आधी हजचा खर्च बाजूला काढावा. बाजाराचे देणे, पत्नीचा बाकी राहिलेला महर आणि राहिलेली जकात यांचाही हिशेब आधी मिटवावा. त्यानंतर आजारपणासाठी रोख रक्कम ठेवावी, कारण या वयात दवाखान्याचा खर्च विचारून येत नाही. एवढे करून जे उरेल त्यातूनच गाडीचा विचार करावा.

नव्या गाडीच्या दुकानात शिरले की कर्जाचा कागद लगेच पुढे येतो. व्याजाचा प्रश्न आपल्यासाठी धर्माचा तर आहेच, पण केवळ व्यापाराच्या दृष्टीनेही पाहा. ज्याची कमाई थांबली आहे त्याने किंमत उतरत जाणाऱ्या वस्तूवर हप्ते भरणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. रोखीने जेवढे झेपेल तेवढेच घ्यावे, हा आमचा पहिला नियम.

रात्री मोजा

गाडी वर्षातून किती रात्री वापरणार, यावर सारा हिशेब अवलंबून आहे. एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. समजा नवी गाडी २८ लाखांना घेतली आणि पाच वर्षांनी १४ लाखांना विकली. म्हणजे १४ लाख झिजले. वर्षाला ३० रात्री वापरली तर पाच वर्षांत १५० रात्री होतात आणि एका रात्रीला ९,३०० रुपयांहून अधिक पडतात. यात डिझेल, विमा, टायर काहीच धरलेले नाही. आता समजा वापरलेली गाडी १२ लाखांना घेतली, २ लाख दुरुस्तीला लागले आणि पाच वर्षांनी ७ लाख आले. येथे झीज ७ लाखांची, म्हणजे तेवढ्याच रात्रींना साधारण ४,७०० रुपये.

चांगल्या लॉजची खोली अडीच हजारांना मिळते असे धरले, तर वापरलेली गाडी लॉजच्या बरोबरीला यायला वर्षाला ५६ रात्री लागतात आणि नवी यायला ११२. साठी ओलांडलेले जोडपे वर्षातले जवळजवळ चार महिने गाडीत झोपणार आहे काय? नातवंडे, लग्नकार्ये, रमजान, दुकानावरची नजर आणि आपला चार महिन्यांचा पावसाळा वजा केला तर बहुतेक घरांत तीस-चाळीस रात्रींच्या पुढे आकडा जात नाही. या हिशेबात नवी गाडी बसत नाही. जुनीसुद्धा मोठ्या कष्टाने बसते.

नव्याचा फायदा काय?

तरी नव्या गाडीची बाजूही ऐकून घ्यावी. आपल्याकडे बहुतेक मोटरहोम तयार चॅसीवर किंवा व्हॅनवर बांधली जातात. त्यात फोर्स ट्रॅव्हलर हे नाव मावळच्या माणसाला परके नाही. आकुर्डीचा बजाज टेम्पो कारखाना जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच. तेथली मॅटाडोर आपल्या कितीतरी व्यापाऱ्यांनी मालासाठी वापरली. टेम्पो ट्रॅव्हलर १९८७ मध्ये आली आणि २००५ मध्ये कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले. अशा गाडीचे इंजिन, ब्रेक, क्लच उघडणारा मेस्त्री तालुक्याच्या गावी मिळतो. मात्र आतला फ्रिज, पाण्याचा पंप, इन्व्हर्टर, छताची खिडकी यांची दुरुस्ती बहुधा बांधणाऱ्याकडेच होते. नव्या गाडीत या सामानाची हमी मिळते, हा तिचा खरा फायदा.

दुसरा फायदा कागदांचा. मोटर कॅराव्हॅनसाठी ए.आय.एस.-१२४ हे मानक आहे. मान्यताप्राप्त बांधणीची नवी गाडी घेतली तर नोंदणी पुस्तकात पहिल्या दिवसापासून कॅराव्हॅन असे लिहून येते. उलट कोणी जुना टेम्पो घेऊन ओळखीच्या सुताराकडून त्यात पलंग आणि ओटा ठोकून घेतला, तर ते स्वस्त पडेल पण कायद्यात बसणार नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे असे बदल मनाने करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याच्या मूळ रचनेविरुद्ध केलेल्या बदलांबाबत कडक निकाल दिला आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आली. अपघात झाल्यास विमा कंपनी आधी हेच पाहते.

वापरलेली गाडी पावसात पाहा

आता वापरलेल्या गाडीकडे वळू. कापडाच्या धंद्यातील माणूस तागा उलट बाजूने पाहतो, काठ चोळतो, उजेडासमोर धरतो. डागी माल गडद रंगात रंगवून विकतात, हेही त्याला ठाऊक असते. हीच नजर येथे चालवावी. गाडीला नवे पडदे, नवे रेक्झिन आणि तळाला ताजा काळा रंग दिसला की खूश होण्याऐवजी सावध व्हावे.

लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आपल्या दुकानात एखादा गठ्ठा जमिनीवर राहिला तर आठ दिवसांत त्याला बुरशीचा वास येतो. मोटरहोमला छतावर खिडकी, एसी आणि सोलरसाठी भोके पाडलेली असतात. तेथून झिरपलेले पाणी प्लायवूडमध्ये मुरते आणि वर्षभर दिसत नाही. म्हणून जुनी गाडी मे महिन्यात पाहून सौदा करू नये. जुलै-ऑगस्टमध्ये भर पावसात पाहावी. गादी उचलून खालची फळी अंगठ्याने दाबावी. शौचालयाच्या दाराजवळ आणि पाण्याच्या टाकीखाली जमीन मऊ लागते काय ते पाहावे. दारे-खिडक्या बंद करून दहा मिनिटे आत बसावे, नाक खरे सांगते. मग मेस्त्रीला घेऊन गाडीखाली शिरावे. गाडी कोकणकिनारी राहिलेली असेल तर गंजाकडे दुप्पट लक्ष द्यावे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांचा बाजारातील प्रसंग येथे आठवतो. धान्याच्या ढिगात त्यांनी हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही असे बजावले. जो आपली जुनी गाडी विकणार आहे त्याने ओली फळी स्वतःहून दाखवावी. घेणाऱ्यानेही सौद्याच्या चिठ्ठीत दोष लिहून घ्यावेत. लपवलेल्या दोषासाठी माल परत करण्याचा हक्क फिकहमध्ये खियार-ए-ऐब या नावाने आहे. चिठ्ठी असली की तंटा वाढत नाही.

कागद आणि कर

जुन्या गाडीत कागद इंजिनाइतकेच महत्त्वाचे. फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या हव्यात. कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५ हवा. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. फेब्रुवारी २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, पुस्तकात ज्याचे नाव तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. म्हणून नाव चढल्याशिवाय विकणाऱ्याने निश्चिंत होऊ नये.

एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ मानक लागू झाले. दूरच्या प्रवासाचा बेत असेल तर त्यानंतरची गाडी बघावी. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांबाबत २०१५ पासून आदेश निघत आहेत आणि बदलतही आहेत. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर येतो.

आपल्यापैकी अनेकांचा जी.एस.टी. नंबर आहे. दुकानाच्या नावावरची गाडी घसारा लावून वापरली असेल आणि ती विकून मोटरहोम घ्यायचा बेत असेल, तर घसारा जाऊन उरलेल्या किमतीपेक्षा जास्त भाव आल्यास त्या फरकावर कर लागतो. जानेवारी २०२५ पासून जुन्या गाड्यांसाठी हा दर सरसकट १८ टक्के झाला. नफा नसेल तर कर नाही. हिशेबनीसाला आधी विचारावे.

भाड्याने देऊन पैसा फिटेल काय?

काही मंडळी म्हणतात, आपण वापरू आणि उरलेले दिवस लोणावळ्याच्या पर्यटकांना भाड्याने देऊ. यात तीन अडथळे आहेत. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने देता येत नाही. त्यासाठी व्यावसायिक नोंदणी, परवाना आणि फिटनेस लागते. फिटनेस पहिली आठ वर्षे दोन-दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. दुसरे, पर्यटकांची गर्दी पावसाळी शनिवार-रविवारची, आणि नेमकी तेव्हाच पवना धरणाकाठच्या चिखलात जड गाडी रुतते व घाटरस्त्यावर रांगा लागतात. तिसरे, गिऱ्हाइकाला येथे बंगले आणि तंबू दोन्ही मिळतात. हा पूर्ण वेळचा धंदा आहे. तरुण मुलाने शिकून केला तर हरकत नाही, पण म्हातारपणाच्या पुंजीचा आधार म्हणून तो धरू नये.

विकण्याची वेळ आली तर काय, हेही पाहावे. वेगळ्या पन्ह्याच्या कापडाला गिऱ्हाईक थोडे, तसेच या गाडीचे आहे. अडीनडीला आठ दिवसांत पैसा उभा होणार नाही. तीच गोष्ट जुनी घेणाऱ्याला उपयोगी पडते, कारण विकणाऱ्यालाही घाई असते आणि रोख पैशाला वजन येते.

आमचा निर्णय

आम्ही असे ठरवले आहे. हजचा आणि दवाखान्याचा पैसा वेगळा राहील. पाऊस संपल्यावर परवानाधारक माणसाकडून पंधरा दिवसांसाठी मोटरहोम भाड्याने घेऊन मालेगाव, माहेश्वरमार्गे फिरून यावे. त्यात घाटात गाडी चालवणे डोळ्यांना आणि गुडघ्यांना झेपते काय, घरच्यांना आतली अरुंद जागा मानवते काय आणि गाडी उभी करायला आपल्या गल्लीत जागा आहे काय, हे कळेल. पंचावन्न वर्षांनंतर लायसन्सही पाच-पाच वर्षांनीच वाढते, हे विसरून चालणार नाही. या पंधरा दिवसांनंतरही मन टिकले, तर पुढच्या पावसाळ्यात एप्रिल २०२० नंतरची, मान्यताप्राप्त बांधणीची, कोरड्या जमिनीची आणि चोख कागदांची वापरलेली गाडी रोखीने पाहू. मन टिकले नाही, तर रेल्वेचे तिकीट आणि लॉजची खोली आहेच.

नवी गाडी घेणाऱ्याला आम्ही नावे ठेवत नाही. ज्याला अल्लाहने ऐपत दिली आहे आणि जो खरोखर वर्षाचे चार महिने फिरणार आहे, त्याने ती जरूर घ्यावी. पण ज्याची पुंजी एकच आहे त्याने प्रथम आपल्या रात्री मोजाव्यात, घरच्यांशी मशवरा करावा आणि मगच इसार द्यावा.