पडद्यावरचा डॉक्टर आणि आपली नोंद

बारामती म्हटले की हल्ली उसातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा होते. येथील ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या प्रयोगाचा उल्लेख मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनीही जानेवारी २०२५ मध्ये केला. उसाची काळजी घेणारे हे तंत्र ऊस तोडणाऱ्याची आणि खुरपणाऱ्या बाईचीही काळजी घेईल काय, हा आमचा प्रश्न आहे.

डॉक्टरांचा ऑनलाइन सल्ला ही आता श्रीमंतांची चैन राहिलेली नाही. केंद्र सरकारची ‘ई-संजीवनी’ ही मोफत सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, घरून डॉक्टरांशी बोलण्याची सोय झाली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत या सेवेतून १० कोटी सल्ले दिले गेले. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला शेजारी बसवून दूरच्या डॉक्टरांशी जोडून देतात. इंदापूर तालुक्याच्या टोकाच्या वस्तीवरून बारामती गाठायची म्हणजे रोजगाराचा खाडा, एसटीचे भाडे आणि सोबत येणाऱ्याचाही खाडा. रक्तदाब-मधुमेहाच्या फेरतपासणीत हा खर्च वाचत असेल तर त्याचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु पडद्यावरून पोट दाबून पाहता येत नाही, छातीला नळी लावता येत नाही. छातीत कळ, दम लागणे, बाळंतपणातील रक्तस्राव, सर्पदंश अशा वेळी मोबाइल हाती घ्यावा तो १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावण्यासाठीच.

आणि यंत्राचे काय? २५ मार्च २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. यंत्राने रुग्णाला परस्पर सल्ला देऊ नये, औषध लिहू नये. डॉक्टरांना मदत करावी, निर्णय डॉक्टरांनीच घ्यावा.

हा नियम का हवा, ते अमेरिकेतील एका संशोधनावरून कळते. कोणत्या रुग्णांना जादा देखभाल द्यावी हे तेथे एक संगणकीय प्रणाली ठरवत असे. आजार किती मोठा, हे ती पूर्वी झालेल्या खर्चावरून मोजी. काळ्या लोकांवर मुळात खर्चच कमी होत असल्याने, जास्त आजारी असूनही ते मागे पडत. हा दोष काढला तर निवडलेल्यांत त्यांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असे २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या प्रणालीला कोणाचा वर्ण सांगितलेला नव्हता. तरीही जुना अन्याय आकड्यांतून आत शिरलाच.

वाचकहो, यातला धडा आपल्यासाठीच आहे. अंगावर दुखणे काढणे, दुकानातून दोन गोळ्या आणून भागवणे, यामुळे आपल्या आजाराची नोंदच होत नाही. ज्याची नोंद नाही, तो यंत्राच्या हिशेबात निरोगी ठरतो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. ऑनलाइन सल्ला घेताना डॉक्टरांचे नाव व नोंदणी क्रमांक पाहावा. मुलांसाठी सल्ला घेताना घरातील मोठ्या माणसाने जवळ बसावे. आपण कोणते काम करतो, वीटभट्टी, ऊसतोड की एमआयडीसी, हे न विचारताही सांगावे. पडद्यावरून हातांचे घट्टे दिसत नाहीत. चिठ्ठी जपून ठेवावी. शिकलेल्या मुलामुलींनी शेजारच्या आजीला मोबाइल लावून द्यावा, मात्र उत्तरे आजीलाच देऊ द्यावीत. दुखणे तिचे आहे, ते तिच्याच शब्दांत नोंदले जावे.