बाळाचे नाक चोंदलेय? आधी श्वास मोजा

रात्रीचे दोन वाजलेले. वडील तारापूर औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीला गेलेले. बोईसरमधल्या चाळीतल्या एका खोलीत आई चार महिन्यांच्या बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारते आहे. बाळाला भूक आहे, पण अंगावर घेतले की ते दोन घोट पिते, सोडून देते आणि रडू लागते. पाठीवर हात ठेवला की घरघर जाणवते. शेजारच्या आजी ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करायला सांगतात. फोनवरून आत्या ब्रँडीचे बोट चाटवायला सांगते. फळीवर थोरल्या मुलाच्या खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली आहेच. सकाळ होईपर्यंत यातले काय करायचे आणि काय नाही?

पालघर जिल्ह्यात हिवाळ्यात असे चित्र घरोघरी दिसते. पहाटे गारवा, दुपारी ऊन, दारे-खिडक्या बंद असलेली लहान खोली आणि त्यात खोकणारी मोठी माणसे. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या आदिवासी कुटुंबांच्या झोपड्यांत तर चूल आणि बाळ एकाच छपराखाली असतात. पहिल्या दोन वर्षांत निरोगी बाळालाही वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होऊ शकते. बहुतेक सर्दी विषाणूंमुळे होते आणि आठवडा-दहा दिवसांत आपोआप बरी होते. खोकला मात्र दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. अँटिबायोटिक दिल्याने विषाणूजन्य सर्दी एक दिवसही आधी बरी होत नाही.

एवढ्याशा नाकाचे एवढे का?

मोठ्या माणसाचे नाक चोंदले की तो तोंडाने श्वास घेतो. पहिल्या काही महिन्यांत बाळाला हे नीट जमत नाही, ते मुख्यतः नाकानेच श्वास घेते. दूध पिताना तर तोंड बंदच असते. म्हणजे नाक बंद झाले की त्याला पिणे किंवा श्वास घेणे यातले एकच निवडावे लागते. म्हणून ते दोन घोट पिऊन सोडते आणि चिडते. त्याची भूक मेलेली नसते.

यामागे साधे भौतिकशास्त्र आहे. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर तिच्यातून संथपणे वाहणाऱ्या हवेला होणारा अडथळा दुप्पट नव्हे, तर १६ पट होतो. मोठ्यांच्या रुंद नाकात आतल्या आवरणाची थोडी सूज जाणवतही नाही. बाळाच्या अरुंद नाकपुडीत तेवढ्याच सुजेने वाट जवळजवळ बंद होते.

घरघरीचेही तसेच. नाकात आणि घशात साचलेल्या शेंबडाचा आवाज बाळाच्या पातळ छातीतून पाठीवर ठेवलेल्या हाताला जाणवतो. घरच्यांना वाटते, कफ छातीत उतरला. पुष्कळदा नाक साफ केले की ही घरघर कमी होते. ती कमी झाली तर आवाज बहुधा नाकाचाच होता.

रात्र कशी काढावी?

पहिला उपाय मिठाच्या पाण्याचा. औषधाच्या दुकानात नाकात घालायचे सलाइनचे तयार थेंब मिळतात. बाळाला उताणे धरून प्रत्येक नाकपुडीत एक-दोन थेंब घालावेत आणि मिनिटभर थांबावे. घट्ट शेंबूड सैल होतो, बाळाला शिंक येते किंवा शेंबूड पुढे येतो. तो मऊ सुती कापडाने टिपून घ्यावा. रबरी फुगा वापरायचा असेल तर तो आधी दाबून मगच नाकपुडीच्या तोंडाशी लावावा आणि हळू सोडावा. आत खोल घालू नये. दिवसात पुनःपुन्हा ओढत राहिल्यास आतली त्वचा सुजते आणि नाक आणखी चोंदते. थेंब पाजण्याआधी पाच-दहा मिनिटे घालावेत, म्हणजे त्यांचा खरा उपयोग होतो. घरी अंदाजाने मीठ कालवून थेंब करू नयेत.

मिठाच्या पाण्यावर अजूनही संशोधन चालू आहे. एडिनबर्गच्या संशोधकांनी सहा वर्षांपर्यंतच्या मुलांवर केलेला अभ्यास सप्टेंबर २०२४ मध्ये व्हिएन्नातल्या श्वसनरोग परिषदेत मांडला. मिठाचे थेंब दिलेल्या मुलांची सर्दी सरासरी सहा दिवस टिकली, इतर मुलांची आठ दिवस. त्या अभ्यासातले थेंब नेहमीच्या सलाइनपेक्षा अधिक खारट होते. लहान बाळासाठी मात्र नेहमीचे सलाइनच वापरावे.

दुसरा उपाय दुधाचा. एका वेळी पोटभर पाजण्याचा हट्ट सोडून थोडे थोडे आणि वारंवार पाजावे. बाळाला आडवे न धरता जरा उभे धरून अंगावर घ्यावे. त्याला ओढणे जमतच नसेल तर आईचे दूध स्वच्छ वाटीत काढून चमच्याने पाजावे. सर्दीत आईचे दूध बंद करायचे कारण नाही. आईला सर्दी झाली असली तरी हात धुऊन आणि नाका-तोंडावर रुमाल बांधून तिने पाजतच राहावे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचे पाणी, काढा, गुटी काहीही नको.

तिसरा उपाय कुशीचा. खांद्याशी उभे धरले की नाकातला शेंबूड खाली येतो आणि श्वास सोपा होतो. आईच्या किंवा बाबांच्या उघड्या छातीशी, वर एक दुपटे घेऊन धरलेले बाळ लवकर शांत होते. झोपवताना मात्र उताणेच झोपवावे. डोके उंच राहावे म्हणून खाली उशी ठेवली तर मान वाकून श्वासाची वाट आणखी दबते. टोपडे, स्वेटर आणि वर गोधडी असे लादूनही उपयोग नाही. आपल्या अंगात जितके थर असतील त्याहून एक जास्त, एवढे पुरे.

चौथा उपाय धुराचा, म्हणजे धूर बाहेर ठेवण्याचा. विडी-सिगारेट, उदबत्ती, डासांची कॉइल, चूल आणि बाळाला अंघोळीनंतर देतात ती धुरी, या सगळ्यांनी सुजलेले नाक आणखी सुजते. डासांसाठी मच्छरदाणी लावावी. स्वयंपाक चुलीवर होत असेल तर तेवढा वेळ बाळ बाहेर कोणाच्या तरी कडेवर असावे.

मायेपोटी होणारी चूक

आजीची माया खरी असते, पण प्रत्येक उपाय निरुपद्रवी नसतो. नाकात मोहरीचे किंवा खोबरेल तेल सोडल्यास ते फुप्फुसात उतरून न्यूमोनियासारखा आजार होऊ शकतो. कापूर पोटात गेला किंवा त्वचेतून जास्त शोषला गेला तर बाळाला झटके येऊ शकतात. छातीला चोळायच्या बहुतेक मलमांत कापूर असतो, म्हणून ती तान्ह्या बाळाला लावू नयेत. एक वर्षाच्या आत मध नको, कारण त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे क्वचित, पण गंभीर आजार होतो. ब्रँडीने सर्दी जात नाही, बाळ गुंगते आणि श्वास मंदावतो. उगाळलेल्या जायफळानेही बाळाला गुंगी येऊ शकते. उकळत्या पाण्याची वाफ देताना भांडे कलंडून मुले भाजतात. गरम पुरचुंडीनेही कोवळी त्वचा पोळते. मोठ्यांचे नाक मोकळे करणारे औषधी थेंबही बाळाला घालू नयेत.

फळीवरच्या त्या बाटलीचे काय? सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात साध्या सर्दी-खोकल्यासाठी दिलेल्या ‘कोल्ड्रिफ’ या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यातल्या अनेकांना मूत्रपिंडे निकामी झाल्यावर नागपूरला आणले होते. तपासणीत औषधात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन आढळले. याच विषाने १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्णांचे बळी घेतले होते. ३ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावले की, दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा देऊ नयेत. औषध शुद्ध असले तरी हाच नियम लागू होतो, कारण एवढ्या लहान वयात या औषधांचा फायदा सिद्ध झालेला नाही. गुंगी, छातीत धडधड आणि झटके हे धोके मात्र खरे आहेत.

गडचिरोलीचे मणी

सर्दी आणि न्यूमोनिया यांतला फरक घरी कसा ओळखायचा? याचे उत्तर महाराष्ट्रातच सापडले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८ पासून गावातल्या आरोग्यदूतांना आणि दाईंना बाळाचे श्वास मोजायला शिकवले. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी एक साधन केले. त्यात एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी होते. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्याआधी ठरलेले मणी संपले तर तो न्यूमोनिया समजायचा. गावातच उपचार मिळाल्याने बालमृत्यू घटले. हा अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०१९ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘सांस’ मोहिमेतही श्वास मोजणे हीच पहिली पायरी आहे.

आज मण्यांची गरज नाही, हातातला मोबाइल पुरतो. नाक साफ करावे. बाळ शांत किंवा झोपेत असताना झबले वर करून पोटाकडे पाहावे आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. पोट एकदा वर येऊन खाली गेले की एक श्वास. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक असतील, तर तो वेगवान श्वास. आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजावे. दुसऱ्यांदाही तेवढाच आला तर डॉक्टरांकडे निघावे.

पुढच्या खुणांपैकी एकही दिसली तर सकाळची वाट पाहू नये. श्वास घेताना फासळ्यांखालचा भाग आत ओढला जाणे, कण्हल्यासारखा आवाज, ओठ किंवा जीभ निळसर पडणे, दूध पूर्ण सोडणे, प्यायलेले सगळे उलटून पडणे, झटके येणे, हलवूनही नीट जागे न होणे आणि लघवी खूप कमी होणे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप असणे, हीदेखील तातडीची खूण आहे. अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या किंवा हृदयाचा दोष असलेल्या बाळाला तर साध्या सर्दीतही लवकर दाखवावे. लहान श्वासनलिकांना सूज आणणाऱ्या विषाणूंचा त्रास तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वाधिक असतो. त्यामुळे पहिल्या दिवशी डॉक्टरांनी ‘काही नाही’ म्हटले असले, तरी चौथ्या दिवशी पुन्हा मोजावे.

पालघर जिल्ह्यात या मोजणीला आणखी एक अर्थ आहे. गंभीर बाळाला येथून सिल्वासा, वलसाड, नाशिक किंवा ठाणे-मुंबईला हलवावे लागते. मोखाडा-जव्हारचा घाट असो की मुंबई-अहमदाबाद महामार्गावरची कोंडी, रस्त्यात तास जातात. ते तास हाताशी हवेत तर खूण लवकर ओळखायला हवी. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, गावातली आशाताई आणि १०८ ची रुग्णवाहिका यांची माहिती घरात प्रत्येकाला असावी. न्यूमोकोकल लस सहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात सरकारी केंद्रावर मोफत मिळते. कामासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांनी लसीकरणाचे कार्ड सोबत न्यावे. राहिलेला डोस नव्या गावातही मिळतो.

चाळीतल्या त्या आईने नाकात थेंब घातले, बाळाला उभे धरून थोडे थोडे पाजले आणि पोटाकडे पाहत मिनिटभर श्वास मोजले, ते ४२ भरले, तर तिला बाळाला कुशीत घेऊन थोडे डोळे मिटता येतील. आकडा ५६ आला, तर तिने रात्रपाळीतल्या बाळाच्या बाबांना त्याच क्षणी फोन करावा.