टांग टाकण्यापूर्वी

पासष्टी ओलांडल्यावर एका थंड सकाळी सायकलवर टांग टाकली, ती कॅरिअरलाच अडली. चाळीस वर्षे रोज सायकल चालवूनही शरीर आखडले कसे, या प्रश्नापायी मी वाचू लागलो.

उत्तर पायडल मारण्याच्या क्रियेतच सापडले. पायडल अगदी खाली गेले तरी गुडघा पूर्ण सरळ होत नाही. खुब्याचा सांधाही सतत वाकलेलाच राहतो. त्यामुळे मांडीमागचे आणि जांघेतले स्नायू पुरते ताणलेच जात नाहीत. तरुणपणी हे खपून जाते. वयाबरोबर लवचीकता घटते, तेव्हा जाणवते.

उतारवयात हृदयाची गतीही सावकाश वाढते. म्हणून आता पहिली पंधरा मिनिटे सपाट रस्ता आणि हलका गिअर. निघण्याआधी थंड स्नायू फार वेळ ताणून धरत नाही. त्याने त्यांचा जोर तात्पुरता कमी होतो. ताण द्यायचा तो परतल्यावर. पासष्टीपुढच्या लोकांच्या मांडीमागच्या स्नायूंवर २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५, ३० आणि ६० सेकंदांपैकी ६० सेकंदांचा ताण सर्वांत गुणकारी ठरला.

तेवढे मिनिट मी रोज ओसरीवर काढतो. टांग आता कॅरिअरला न लागता पलीकडे जाते. सावकाश, पण जाते.