प्रथमभाषा-संपादन : अनुकरण की नियमशोध?

प्रस्तावना :
मूल केवळ अनुकरणाने बोलू लागते, असा सर्वसाधारण समज आहे. बी. एफ. स्किनर यांनी १९५७ मध्ये भाषिक वर्तनाची उपपत्ती प्रबलनाच्या आधारे मांडली; नोम चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये तिचे सविस्तर खंडन केले. या वादाचा संबंध वर्गातील अध्यापनाशीही पोहोचतो. प्रस्तुत लेखात त्याचा मराठी बालभाषेच्या संदर्भात विचार केला आहे.

ध्वनिभेदांची ओळख :
जेनेट वर्कर व रिचर्ड टीस यांच्या १९८४ मधील संशोधनात इंग्रजीभाषक घरांतील ६ ते ८ महिन्यांच्या मुलांना हिंदीतील दंत्य 'त' व मूर्धन्य 'ट' यांतील भेद ओळखता आला. १० ते १२ महिन्यांपर्यंत ही क्षमता बरीच क्षीण झाली. मराठी घरात 'ताक' आणि 'टाक' यांतील भेद नित्य कानी पडतो. म्हणून तो टिकून राहतो. पहिल्या शब्दाच्या सुमारासच मूल स्वभाषेच्या ध्वनिव्यवस्थेशी असे जुळलेले असते.

चुकीतील व्याकरण :
'बसलं', 'उठलं', 'धरलं' ही रूपे ऐकणारे मूल 'केलं' याऐवजी 'करलं' म्हणते. घरातील मोठी माणसे 'केलं' असेच म्हणत असताना मुलाने हे रूप उचलले कोठून? ते त्याने धातूला प्रत्यय जोडून स्वतः घडविलेले असते. जीन बर्को यांनी १९५८ मध्ये मुलांना काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून 'वग' हा कृत्रिम शब्द दिला, तेव्हा पूर्वी कधीही न ऐकलेल्या या शब्दाचे अनेकवचन बहुतेक मुलांनी अचूक केले. म्हणजेच 'करलं' हे अज्ञानाचे नव्हे, नियम हाती आल्याचे लक्षण होय. पुढे 'केलं' वारंवार ऐकून मूल अपवादही आत्मसात करते.

समारोप :
शाळेत येणारे मूल भाषेवाचून येत नाही. मेळघाटातील मुलाजवळ कोरकूचे, गडचिरोलीतील मुलाजवळ गोंडीचे, तर खानदेशातील मुलाजवळ अहिराणीचे संपूर्ण व्याकरण असते. त्याचे बोलणे 'अशुद्ध' ठरविले की ते गप्प होते. आणि गप्प झालेल्या मुलाला प्रमाण मराठी शिकविणे अधिकच कठीण होते. शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा माध्यम असावी, ही राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील शिफारस या दृष्टीने महत्त्वाची ठरते. तथापि, मुलाच्या चुकीमागील नियम ओळखणारा शिक्षक घडल्याशिवाय ती कागदावरच राहील. असा शिक्षक घडविणे ही महाविद्यालयांची जबाबदारी आहे.