एकटीनं गाडीत बसताना



मागच्या बैठकीत मी गटात एक साधा प्रश्न विचारला. घरातलं कुणी सोबत नसताना तालुक्याच्या पुढं कोण कोण गेलंय? आम्ही बाराजणी. हात वर झाले तीन.

आमच्याच एका ताईंच्या छातीत गाठ लागली होती. आशाताईंनी सांगितलं, सोलापूरला मोठ्या दवाखान्यात दाखवून या. मालक कारखान्याच्या कामावर, मुलगा पुण्याला. "कुणी मोकळं झालं की जाईन" म्हणत चार महिने गेले. पैशाची अडचण नव्हती, गटातून कर्जही मिळालं असतं. मोहोळहून सोलापूर तासाभराचं. नव्हता तो फक्त नेणारा माणूस.

मीही काही शिकून आले नव्हते. बी. ए. झाले, पण परीक्षेला भाऊ सोडायला यायचा. पहिल्यांदा एकटी गेले ती पुण्याला, प्रशिक्षणाला. उतरायचं होतं स्वारगेटला. हडपसरला अर्धी गाडी उतरली, म्हणून मीही उतरले! गाडी निघून गेल्यावर कळलं. रडू आलं होतं, खोटं कशाला सांगू. शेवटी गजरे विकणाऱ्या एका मावशींना विचारलं. त्यांनी समोरचा थांबा दाखवला, अर्ध्या तासात मी स्वारगेटला. तेव्हापासून एक सवय लागली. बसल्या बसल्या वाहकाला सांगून ठेवायचं, अमुक ठिकाणी मला उतरवा. आणि रस्ता विचारायचा तो दुकानवाल्याला, फळवालीला, म्हणजे जागा सोडून न जाणाऱ्या माणसाला. "मी नवीन आहे, एकटी आहे" हे सांगायची गरज नाही. "स्वारगेटची गाडी कुठं लागते?" एवढंच.

दुसरी गोष्ट परतीची. गावाकडं येणारी शेवटची गाडी किती वाजता, हे स्टँडवर उतरल्या उतरल्या चौकशी खिडकीवर विचारायचं, मग कामाला जायचं. आमच्या बहुतेक फजित्या जाताना नाही, येताना झाल्या आहेत. पैसे दोन जागी ठेवा. घरचा नंबर मोबाइलमध्ये असतोच, पण कागदावरही लिहा. बॅटरी संपली की आपल्याला स्वतःच्या नवऱ्याचा नंबर आठवत नाही. आणि लघवीला जावं लागेल म्हणून पाणी न पिता प्रवास करू नका. उन्हाळ्यात त्यानं डोकं धरतं, लघवीची जळजळ होते. मोठ्या स्टँडवर सोय असते, सुट्टे पैसे हाताशी असू द्या.

थोडं नियमांचं. 17 मार्च 2023 पासून एसटीच्या गाड्यांत आपल्याला निम्मं तिकीट आहे. पण ते राज्याच्या हद्दीपर्यंतच. विजापूरला जाताना हद्दीपुढचं पूर्ण भाडं पडतं, वाहकाशी भांडू नका. पंचाहत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंना एसटी मोफत आहे. रेल्वेत तर कायदाच आहे. सोबत पुरुष नसलेल्या बाईकडं तिकीट नसलं, तरी रेल्वेचा कर्मचारी तिला रात्री-अपरात्री कुठल्याही आडस्टेशनवर उतरवू शकत नाही. ती जिथून बसली ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं ठिकाण, तेही दिवसा. तिकीट काढायचंच, पण हरवलं तर घाबरून जाऊ नका. रेल्वेत अडचण आली तर 139, बाहेर कुठंही 112, आणि महिलांसाठी 181.

आता आमच्या गटानं एक पद्धत पाडली आहे. महिन्यातून एकदा सोलापूरला सगळ्यांचं मिळून काम निघतंच. बँक, बियाणं, कुणाचं औषध. त्याला पाळीपाळीनं एकेक जण जाते. नवखी असेल तर एक जुनी सोबत जाते, पण दोन बाकं मागं बसते आणि तोंड उघडत नाही. चुकली तरी नाही, फार चुकली तरच. घरच्यांनी कुरकुर केली. "गटाचं काम आहे" म्हटल्यावर निम्मी थांबली, उरलेली चालू आहे.

त्या ताईंना वाचता येत नाही. त्यांना आम्ही एका कागदावर मोठ्या अक्षरात "सोलापूर" आणि दुसऱ्या बाजूला "मोहोळ" लिहून दिलं. गाडीच्या पाटीवरची अक्षरं कागदाशी जुळवायची, मग चढायचं. पहिल्या खेपेला मी मागच्या बाकावर होते. त्यांनी दोन गाड्या सोडल्या, तिसरी बरोबर पकडली. तपासणी झाली, गाठ काढली, उपचार अजून चालू आहेत. डॉक्टर म्हणाले, आधी यायला हवं होतं. दर तीन आठवड्यांनी जावं लागतं. परवा मी विचारलं, येऊ का सोबत? तर म्हणाल्या, "कशाला? तुझं तिकीट फुकट जाईल."